कापसाच्या मुलखात कॉम्पॅक्ट कॅमेरा: सेन्सरवर धूळ बसली तर काय करायचं

दिवाळीच्या आसपास विदर्भातल्या हवेत काय काय असतं ते आठवून बघा. सोयाबीनचा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालू असतो आणि त्याच्या तोंडातून कुटार (भुसा) उडत असतं. कापसाची वेचणी सुरू झालेली असते, जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू तरंगत असतात. पाऊस उघडून महिना झाला की पांदण रस्त्यांवर फुफाटा होतो. भंडारा-गोंदियाकडे धानाची मळणी, वणी-चंद्रपूरकडे कोळशाची भुकटी. अशा हवेत लेन्स न निघणारा छोटा कॅमेरा वापरणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: आकाशात किंवा पांढऱ्या भिंतीवर, प्रत्येक फोटोत, त्याच जागी एक करडा ठिपका. लेन्स कितीही पुसली तरी तो हलत नाही.

हलणार कसा? ठिपका पुढच्या काचेवर नाहीच. तो आत, सेन्सरवरच्या (लेन्समागे प्रकाश टिपून फोटो बनवणाऱ्या चकतीवरच्या) काचेवर बसलेल्या कणाची सावली आहे. लेन्स निघतच नाही म्हणजे आत धूळ जायला वाटच नाही, असं बहुतेकांना वाटतं. विकणारेही तसंच सांगतात. वाट असते, आणि ती लेन्सच उघडून देते.

हवा आत कशी ओढली जाते

कॅमेरा चालू केला की लेन्सची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते. नळी बाहेर येताना आतली पोकळी वाढते आणि ती भरायला बाहेरची हवा लागते. लोहाराचा भाता हवा ओढतो तसंच हे चालतं. साधारण ४० मिलिमीटर जाडीची नळी २५ मिलिमीटर बाहेर आली, तर सुमारे ३० मिलिलिटर हवा आत येते. ही हवा नळीच्या कड्यांमधल्या फटींतून, बटणांच्या कडेने, कार्डाच्या झाकणातून येते. फटींवर फेल्टची किंवा रबराची पट्टी असते, पण ती गाळणी नव्हे. नळी आत जाताना हवा परत बाहेर फेकली जाते. कण मात्र सगळे परत जात नाहीत, काही आत चिकटून राहतात. निकॉन पी ९०० सारख्या सुपरझूममध्ये (फार लांबचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्यात) नळी जाड आणि लांब, त्यामुळे दर झूमला ओढली जाणारी हवा कित्येक पट जास्त.

रिको जीआर, सोनी आरएक्स १००, पॅनासॉनिक एलएक्स १००, कॅननचे जी मालिकेतले कॅमेरे, हे सगळे नळी आतबाहेर करणारे. फुजीफिल्म एक्स १०० मालिकेत नळी मिटत नाही, तरी फोकसला पुढचा भाग थोडा सरकतोच. म्हणून तर एक्स १०० व्ही या २०२० च्या मॉडेलमध्ये हवामानापासूनचं संरक्षण पूर्ण व्हायला वेगळी रिंग आणि ४९ मिलिमीटरचा फिल्टर लावावा लागतो. तो लावला नाही तर समोरची बाजू उघडीच राहते. रिको जीआर ३ मध्ये सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय आहे, पण त्याची बॉडी धूळरोधक नाही. बाकीच्या बहुतेक खिशातल्या कॅमेऱ्यांत ही झटकण्याची सोयही नसते.

धूळ आत नेणारी सगळ्यात मोठी जागा शेत नाहीच, सदऱ्याचा खिसा आहे. सुती खिशाच्या तळाशी तंतूंचा गोळा असतो, कॅमेरा त्यात दिवसभर घासतो आणि बाहेर काढल्या काढल्या चालू होतो. कापडी पाऊचचंही तेच. पाऊच उलटा करून चिकटपट्टीने आतून साफ करा, नाहीतर सरळ झिपची प्लॅस्टिक पिशवी वापरा.

दुसरी सवय बंद करतानाची. नळी बाहेर असताना तिच्या अंगावर जे बसतं ते मिटताना आत जातं. हडंब्याजवळ फोटो काढून झाले की कॅमेरा चालूच ठेवून बाजूला या, लेन्स खाली करा, नळीभोवती मऊ ब्रश फिरवा किंवा रबरी ब्लोअरने आडवी हवा मारा, आणि मगच बंद करा. हवा फटीत सरळ मारायची नाही. कॅमेरा दर मिनिटाला आपोआप बंद होत असेल तर मेनूत ती वेळ वाढवा, कारण प्रत्येक आपोआप बंद होणं म्हणजे भात्याचा एक फेरा. कुणाला नुसते फोटो दाखवायचे असतील तर कॅमेरा प्लेच्या बटणाने चालू करा. बऱ्याच मॉडेलांत त्यामुळे लेन्स बाहेर येतच नाही. ताडोब्याच्या जिप्सीत पुढच्या गाडीचा धुरळा बसेपर्यंत थांबा. आणि सुपरझूम असेल तर झूम एकदा लावून तिथेच राहू द्या, उगाच पुढे-मागे करत बसू नका.

आकाशात दिसतो, शेतात दिसत नाही, असं का

सेन्सरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींवर एक पातळ काच असते. धूळ बसते ती तिच्यावर, म्हणजे पेशींपासून ढोबळमानाने मिलिमीटरभर वर. लेन्सचं छिद्र मोठं असेल, समजा एफ/२.८ (एफचा आकडा वाढला की छिद्र बारीक होतं), तर प्रत्येक पेशीकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेच्या पातळीवर सुमारे ०.३६ मिलिमीटर रुंद असतो. ०.०५ मिलिमीटरचा कण त्यातला जेमतेम २ टक्के प्रकाश अडवतो. डोळ्याला ते कळत नाही. एफ/८ ला शंकू ०.१२५ मिलिमीटरचा होतो आणि तोच कण १६ टक्के प्रकाश खातो. एफ/१६ ला तर साठ टक्क्यांच्या वर. कण तोच, जागा तीच, फक्त सावली गडद आणि रेखीव झाली. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) किंवा तुरीच्या पानांच्या गर्दीत ती लपते, सपाट निळ्या आकाशात उठून दिसते.

सेन्सर लहान असेल तर दुखणं आणखी वाढतं. जीआर ३ चा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे, पी ९०० चा सहा मिलिमीटरच्या थोडा वर. तोच कण पहिल्यात चौकटीच्या ०.२ टक्के रुंदी व्यापतो, दुसऱ्यात ०.८ टक्के. त्यात भर म्हणजे झूम ताणला की छिद्र आपोआप बारीक होतं: पी ९०० रुंद टोकाला एफ/२.८ आणि लांब टोकाला एफ/६.५ देतो. म्हणून गावातल्या मिरवणुकीचे फोटो स्वच्छ येतात आणि गोंदियाच्या तळ्यावर उडता सारस टिपला की शेजारी ठिपका हजर.

ओळखायचं कसं

मोड ए किंवा एव्ही, म्हणजे छिद्र आपण ठरवायचं. आयएसओ सर्वात कमी. छिद्र असेल तेवढं बारीक, म्हणजे आरएक्स १०० ला एफ/११, जीआरला एफ/१६. एक्सपोजर अधिक १, म्हणजे फोटो नेहमीपेक्षा उजळ. फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवा. मोबाइल किंवा लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण पांढरी करा, कॅमेरा अगदी जवळ धरा आणि शटर दाबताना हलका हलवत राहा, म्हणजे स्क्रीनचे ठिपके आणि तिच्यावरचे डाग पुसले जातात. असे दोन फोटो घ्या. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. दोन्हींत एकाच जागी असलेला डाग आतला.

डागाचा आकारही बोलतो. गोल आणि कडेने विरणारा असेल तर मातीचा किंवा कोळशाचा कण. वाकडातिकडा धागा असेल तर रुईचा तंतू. आखूड, सरळ, केसासारखी रेघ बरेचदा सोयाबीनच्या शेंगेवरची लव निघते. मळणीच्या वेळी ती कुटारापेक्षाही जास्त वेळ हवेत राहते आणि चिकटतेही घट्ट.

झूम असेल तर तीच चाचणी दोन्ही टोकांना करा. सेन्सरवरचा डाग चौकटीत जागा सोडत नाही, फक्त कमी-जास्त गडद होतो. झूमबरोबर जागा किंवा आकार बदलला तर कण आतल्या एखाद्या भिंगावर आहे. भिंगांमधला एखाददुसरा कण सोडून द्या, त्याने फोटोचं काही जात नाही. मागच्या शेवटच्या भिंगावर असेल तर मात्र मोठा, पसरट, धुरकट डाग दिसतो.

इथे एक गफलत होते. काही स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये छिद्र लहान-मोठं होतच नाही. प्रकाश जास्त झाला की आत एक काळी काच सरकते आणि पडद्यावर एफ/८ दिसतं. अशा कॅमेऱ्यात छिद्राची चाचणी काही सांगत नाही, झूम पूर्ण ताणूनच बघावं लागतं.

सेन्सरच्या धुळीवर उगाच आळ येणाऱ्या गोष्टीही आहेत. एकच टोकदार लाल, निळा किंवा पांढरा बिंदू, रात्रीच्या लांब एक्सपोजरमध्ये ठळक होणारा: तो बिघडलेला पिक्सेल. पुष्कळ कॅमेऱ्यांत मेनूतून तो लपवता येतो. रात्री फ्लॅश मारल्यावर दिसणारे, दर फोटोत जागा बदलणारे पांढुरके गोळे म्हणजे लेन्ससमोरच्या हवेतली धूळ. गावात त्यांची भुताखेतांची चर्चा होते, प्रत्यक्षात तो फ्लॅश लेन्सला खेटून असल्याचा परिणाम. आणि पावसाळ्यानंतर काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्ष्या दिसल्या तर ती बुरशी. तिच्यावर ब्लोअर किंवा झटकणी चालत नाही.

आधी धूळ न काढता भागतं का ते बघा

आमचं मत स्पष्ट आहे: एक-दोन ठिपक्यांसाठी कॅमेरा उघडू नये. आरएक्स १०० सारख्या एक इंची सेन्सरला एफ/४ घेतलं तरी खोली (जवळपासून दूरपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा) मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या एफ/११ इतकी मिळते. एफ/११ ला जाऊन फायदा काही नाही, उलट प्रकाश विखुरल्याने तीक्ष्णता घटते आणि ठिपके उघडे पडतात. तेव्हा एफ/४ ते एफ/५.६ मध्ये राहा. मे महिन्याच्या उन्हात प्रकाश मावत नसेल तर कॅमेऱ्यातला एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच, चालू करा: आरएक्स १०० च्या तिसऱ्या मॉडेलमध्ये तो ३ स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) आहे, जीआर ३ मध्ये २, एक्स १०० व्ही मध्ये ४.

उरलेलं काम संगणकावर होतं. लाइटरूम किंवा फुकटच्या डार्कटेबलमध्ये एका फोटोवरचे ठिपके बुजवा आणि तीच दुरुस्ती सगळ्या फोटोंवर चिकटवा, जागा तीच असल्याने ती लागू पडते. आडवे आणि उभे फोटो मात्र तपासून घ्या. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) देणाऱ्या कॅमेऱ्यासाठी रॉथेरपी या प्रोग्राममध्ये फ्लॅट-फील्डची सोय आहे. पांढऱ्या पडद्याचा फोटो त्याच छिद्राला, त्याच झूमला, त्याच फोकसला घ्यायचा आणि तो द्यायचा. प्रोग्राम त्यावरून प्रत्येक फोटोतली सावली भरून काढतो. पी ९०० रॉ देत नाही, त्याच्या मालकांना हाताने बुजवणंच नशिबी.

न उघडता काढायचे उपाय

मेनूत सेन्सर सफाई असेल तर लेन्स जमिनीकडे करून ती चार-पाच वेळा चालवा. नसेल तर लेन्स खाली ठेवूनच कॅमेरा काही वेळा चालू-बंद करा आणि मधे मधे तळहाताने बुडावर हलक्या थापट्या द्या. आपटायचं नाही. सुटा कण एवढ्यानेही सरकतो. पण तो चौकटीच्या कडेला जाईल की मधोमध येईल, हे आपल्या हातात नसतं.

पुढचा उपाय व्हॅक्यूम क्लीनरचा. यात भात्याचंच काम उलटं करायचं: नळीच्या फटींतून आतली हवा बाहेर ओढायची. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आधी बॉडी ओल्या-पिळलेल्या कापडाने पुसून वाळू द्या, कारण लेन्सकडून ओढलेल्या हवेची जागा मागच्या फटींतून येणारी हवा घेणार आहे. सगळी झाकणं बंद. क्लीनर घरगुती, ओढ सर्वात कमी. यंत्र खोलीबाहेर ठेवा, त्याच्या मागून धूळ निघते. पाइपाच्या तोंडावर मलमलीचा एक पदर रबरबँडने बांधा. आता कॅमेरा चालू करून लेन्सची नळी बाहेर येऊ द्या, पाइप नळीपासून अर्धा सेंटिमीटर लांब धरा, पूर्ण झाकू नका, आणि दहा-पंधरा सेकंदांत तीन-चार वेळा झूम आत-बाहेर करा. थांबा, चाचणीचा फोटो घ्या.

झूमचा आवाज जड झाला किंवा अडखळला तर त्याच क्षणी पाइप दूर करा. नळी हलवणारी मोटर बारीक आणि तिची चाकं प्लॅस्टिकची. ओढ जास्त झाली तर नळी रुळावरून तिरकी होते आणि पडद्यावर लेन्स एरर येते. लेन्सवर आपोआप मिटणारी पाती असतील तर तीही वाकू शकतात. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा मोठा व्हॅक्यूम म्हणूनच नको. दोन प्रयत्नांत फरक पडला नाही तर तिसरा करू नका, चिकटलेला कण ओढीने निघत नाही आणि दर खेपेला नवीन धूळ यायचा धोका असतोच. वॉरंटी चालू असेल तर हा प्रकार करायचाच नाही.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर बिलकूल नको, त्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब असतात. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे शिंतोडे वाळून बसतात. आणि कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवू नका. ओल जाईल न जाईल, तांदळाची पिठी मात्र नक्की आत जाईल. ओलीसाठी सिलिका जेल, तेही कापडी पुरचुंडीत.

उघडायचाच असेल तर

फ्लॅश असलेला कॅमेरा असेल तर पहिला धोका धुळीचा नाही, विजेचा आहे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ टिकतो. फ्लॅश बंद करून बॅटरी काढा, आणि उघडल्यावर कपॅसिटरच्या दोन पायांवर २ किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या वायरींनी काही सेकंद लावा. मल्टिमीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नका. पेचकसाने शॉर्ट करायची पद्धत वाईट: ठिणगी उडते आणि शेजारचा भाग जळतो. यातलं काही अनोळखी वाटत असेल तर इथेच थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडे जा.

दिवस पावसाळी किंवा दमट निवडा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत स्थिर वीज जास्त, ती प्लॅस्टिकवर धूळ खेचते. पंखा, कूलर बंद. टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं. बाहेरचे बारीक स्टार स्क्रू ००० नंबरच्या पेचकसाने निघतात. प्रत्येकाची लांबी वेगळी असू शकते, म्हणून कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीवर लावत जा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतला बोर्ड फोडतो. पडद्याची आणि बोर्डाची पट्टी केबल ओढायची नाही. सॉकेटवरचं काळं किंवा तपकिरी कुलूप नखाने उभं करायचं, पट्टी आपोआप मोकळी होते.

बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये सेन्सर मागच्या बाजूने, तीन स्क्रूंच्या पत्र्यावर बसवलेला असतो. या तीन स्क्रूंखाली पातळ चकत्या किंवा स्प्रिंग असतात आणि त्यांनीच सेन्सर लेन्सला समांतर ठेवलेला असतो. म्हणून सोडवण्याआधी प्रत्येक स्क्रूवर आणि पत्र्यावर बारीक पेनाने खूण करा, काढताना किती फेरे फिरला ते लिहा, चकत्या त्याच जागी परत ठेवा. पत्रा उचलताना तो सरळ वर उचला: काही मॉडेलांत इन्फ्रारेड अडवणारी छोटी काच रबराच्या गास्केटवर नुसती टेकवलेली असते आणि ती घरंगळते. ती असेल तर तिच्याही दोन्ही बाजू बघायच्या.

डाग कुठे शोधायचा? सेन्सरवर चित्र उलटं पडतं. सेन्सर समोरून बघताना फोटोतला वरचा डाग खाली असतो, डावा मात्र डावीकडेच. आधी ब्लोअर, सेन्सर जमिनीकडे तोंड करून. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर सेन्सर सफाईचं स्वॅब, रुंदी सेन्सरपेक्षा किंचित कमी, त्यावर द्रवाचे दोन थेंब, दहा सेकंद मुरू द्यायचं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच हात, परत मागे नाही, आणि स्वॅब फेकायचं. पुन्हा लागलं तर नवीन. द्रव सेन्सरचाच किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल. मेडिकलमधल्या ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी असतं, ते वाळताना वलय सोडतं. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्याचा तेलकट थर बसतो. कानात घालायच्या काडीचा कापूस इथे वर्ज्य, तो स्वतःच तंतू सोडतो.

दुरुस्तीवाल्याकडे देताना

नागपूर-अमरावतीकडे कॅमेरा पाठवायचा असेल तर आधी चाचणीचा फोटो घेऊन ठेवा आणि छिद्र, झूम, आयएसओ लिहून ठेवा. परत घेताना दुकानातच त्याच आकड्यांवर दुसरा फोटो घ्या. स्वच्छ आला म्हणून लगेच पैसे देऊ नका. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा समोर काटकोनात कशावर तरी टेकवा, छिद्र पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून अक्षरं वाचा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असतील तर ते लेन्सचं स्वाभाविक आहे. एकच बाजू किंवा एकच कोपरा धूसर असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा एक फोटो घ्या. धूसरपणा फोटोच्या त्याच बाजूला राहिला तर सेन्सर तिरका बसलाय, आणि ते तीन स्क्रू पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय कॅमेरा घरी आणू नका.